कीबोर्डच्या ड्रम किटमधला फक्त स्नेअर बदलायचा आहे

प्रश्न

नमस्कार. माझ्याकडे ६१ पट्ट्यांचा सिंथेसायझर आहे. त्यात साथीच्या तयार स्टाइल (ठेका आणि वाद्यांची बांधलेली साथ) आहेत आणि वीसेक ड्रम किट (तालवाद्यांचे संच) आहेत. आवाजांच्या दर्जाबद्दल माझी तक्रार नाही. अडचण अशी आहे की मी बहुतेक संथ लयीच्या गाण्यांना साथ करतो, आणि त्या गाण्यांत स्टँडर्ड किटमधला स्नेअर (खाली तारा ताणलेला खणखणीत ड्रम) फार चढा आणि कोरडा वाजतो. गायकाचा आवाज जिथे मोकळा व्हायला हवा, नेमक्या त्याच जागी तो टणकन उठतो आणि शब्द झाकून टाकतो. रूम किट घेतले तर स्नेअर मनासारखा भरीव मिळतो, पण त्याच्या जोडीने किकला (पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमला) एवढा घुमारा येतो की बेसचे स्वर ओळखू येईनासे होतात. मला एका किटची किक आणि दुसऱ्या किटचा स्नेअर हवा आहे, आणि तो स्नेअरही जरा खाली उतरवून, त्याची आस (ठोक्यामागे रेंगाळणारा नाद) आखूड करून हवा आहे.

मी केलेले प्रयत्न लिहितो. प्रथम ड्रमच्या पार्टचे (साथीतल्या ड्रमच्या भागाचे) ट्रान्सपोज, म्हणजे स्वर वर-खाली सरकवण्याची सोय, दोन सेमीटोन खाली आणले. स्नेअर खाली उतरेल अशी अपेक्षा होती, प्रत्यक्षात स्नेअरच्या जागी किक वाजू लागली आणि हाय-हॅटच्या (पायाने मिटणाऱ्या झांजांच्या जोडीच्या) जागी वेगळाच एक स्नेअर ऐकू येऊ लागला. मग त्याच पार्टचा फिल्टर कमी करून पाहिला, तर स्नेअर मऊ झाला खरा, पण झांजांसकट सगळे किट घोंगडीखाली घातल्यासारखे बोदे झाले. शेवटी मेनूमध्ये शोधता शोधता ड्रम एडिटचे पान सापडले, तिथे तासभर बसून स्नेअर अगदी हवा तसा करून घेतला, आणि दुसरी स्टाइल निवडून परत आलो तेव्हा तो जुन्याच आवाजात वाजत होता.

एकच वाद्य बदलायचे असेल तर ते नेमके कुठे बदलावे, बदल कोणत्या क्रमाने करावेत, आणि ते टिकवावेत कसे, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.


पहिले उत्तर

तुमच्या पहिल्या प्रयत्नात जे घडले त्यातच निम्मे उत्तर आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करतो. मिडी म्हणजे इलेक्ट्रॉनिक वाद्यांनी एकमेकांना संदेश पाठवण्याची पद्धत. १९९१ साली तिच्यावर आधारलेले जनरल मिडी हे मानक आले आणि त्याने तालवाद्यांसाठी १० क्रमांकाचे चॅनेल राखून ठेवून कोणत्या पट्टीवर कोणते वाद्य असावे हे ठरवून दिले. त्या तक्त्यात ३६ म्हणजे किक, ३८ म्हणजे स्नेअर, ४० म्हणजे इलेक्ट्रिक स्नेअर, ४२ म्हणजे बंद हाय-हॅट आणि ४६ म्हणजे उघडी हाय-हॅट. आता या आकड्यांतून दोन वजा करून पाहा. ३८ ची ३६ झाली म्हणून किक वाजली, आणि ४२ ची ४० झाली म्हणून दुसरा स्नेअर वाजला. तुमचे वाद्य बरोबरच वागले. पियानोच्या टोनमध्ये एकच आवाज सगळ्या पट्ट्यांवर पसरलेला असतो, त्यामुळे ट्रान्सपोज केल्यावर स्वर बदलतो. ड्रम किटमध्ये मात्र प्रत्येक पट्टी म्हणजे एक स्वतंत्र वाद्य असते, त्यामुळे ट्रान्सपोज केल्यावर वाद्यच बदलते. म्हणूनच संपूर्ण कीबोर्डचे ट्रान्सपोज बटण ड्रमला सहसा वगळते.

फिल्टरच्या बाबतीतही तेच. पार्टच्या पातळीवर केलेला कोणताही बदल किटमधल्या सगळ्या वाद्यांवर एकत्र पडतो. तुम्हाला त्याच्या एक पायरी आत, म्हणजे पट्टीच्या पातळीवर जायचे आहे, आणि ड्रम एडिटचे जे पान तुम्हाला सापडले ते त्यासाठीच असते. तिथे प्रत्येक पट्टीला स्वतःचा वेव्ह (रेकॉर्ड केलेला मूळ आवाज), आवाजाची पातळी, पॅन (डावी-उजवी जागा), पिच (स्वराची उंची), कटऑफ (ज्याच्या वरची धार फिल्टर कापतो ती मर्यादा), डिके (आवाज विरायला लागणारा वेळ) आणि रिव्हर्बकडे (कृत्रिम घुमाऱ्याकडे) जाणारा हिस्सा, असे सगळे वेगळे मिळते. पान उघडल्यावर प्रथम पडद्यावर कोणती पट्टी निवडलेली आहे ते नक्की पाहा. बऱ्याच वाद्यांत पट्टी दाबली की तीच निवडली जाते. इथे एक खाचखळगा आहे: मिडीच्या ६० क्रमांकाच्या पट्टीला यामाहाच्या वाद्यांत सी-३ म्हणतात आणि रोलँडच्या वाद्यांत सी-४. त्यामुळे ३६ क्रमांकाची किक एका ठिकाणी सी-१ वर दिसते तर दुसऱ्या ठिकाणी सी-२ वर. दुसऱ्या कोणाच्या नोंदी पाहून आकडे भरताना यात हमखास एका सप्तकाची चूक होते.

तुमच्या गरजेसाठी मी असे करीन. किक स्टँडर्ड किटमधली हवी आहे, म्हणून स्टँडर्ड किट एखाद्या रिकाम्या यूजर किटमध्ये (आपले बदल जतन करण्यासाठी मोकळ्या ठेवलेल्या जागेत) कॉपी करावे, आणि त्यातल्या ३८ क्रमांकाच्या पट्टीला रूम किटच्या स्नेअरचा वेव्ह लावावा. ४० क्रमांकाची पट्टी विसरू नका. अनेक स्टाइलमध्ये मुख्य ठोका ३८ वर आणि फिलमधले (ओळी जोडणाऱ्या तालाच्या छोट्या तुकड्यातले) काही ठोके ४० वर असतात. एकच पट्टी बदलली तर फिल आला की जुना स्नेअर मध्येच डोके वर काढतो आणि कान लगेच अडखळतो. ३७ वर साइड स्टिक (स्नेअरच्या कडेवर आडव्या काठीचा ठोका) असते, ती संथ गाण्यांत खूप लागते, तिलाही एकदा ऐकून घ्यावे.

आता बदल का पुसले गेले ते सांगतो. एडिटच्या पानावर आपण जे करतो ते तात्पुरत्या स्मृतीत असते. स्टोअर किंवा राइटची आज्ञा देऊन ते यूजर किट म्हणून जतन केले नाही, तर दुसरे किट निवडताच किंवा वीज बंद करताच ते जाते. स्टाइलच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. प्रत्येक स्टाइलच्या सुरुवातीला तिची स्वतःची मांडणी साठवलेली असते, आणि कोणते किट वापरायचे हे त्यातच लिहिलेले असते. त्यामुळे तुम्ही किट जतन केले तरी स्टाइल निवडल्याबरोबर ती आपले जुनेच किट बोलावते. यासाठी स्टाइलच्या ड्रम पार्टला तुमचे यूजर किट लावून ती स्टाइल यूजर स्टाइल म्हणून वेगळ्या नावाने जतन करावी लागते. स्टाइलमध्ये ड्रमचे दोन पार्ट असले तर दोन्ही तपासा, कारण स्नेअर कधी कधी दुसऱ्या पार्टमध्ये असतो.


दुसरे उत्तर

वरील उत्तरात पट्टी, किट आणि जतन करणे हे सर्व नीट आले आहे. मी क्रमाबद्दल लिहितो, कारण क्रम चुकला की तेच काम तीनदा करावे लागते.

आधी वेव्ह, मग पिच, मग डिके, आणि त्यानंतर पातळी व रिव्हर्ब, असा क्रम मी ठेवतो. पिच डिकेच्या आधी घेण्याचे कारण असे की रेकॉर्ड केलेल्या आवाजाचा पिच उतरवणे म्हणजे साधारणपणे तो आवाज सावकाश वाजवणे. बारा सेमीटोन खाली उतरवला तर तो दुप्पट लांबतो. दोन सेमीटोन उतरवला तर सुमारे १२ टक्क्यांनी लांबतो. म्हणजे आधी आस हवी तेवढी कापून ठेवली आणि मग पिच उतरवला, तर आस पुन्हा वाढते. स्नेअरच्या बाबतीत मी तीन-चार सेमीटोनच्या खाली सहसा जात नाही. स्नेअरमध्ये दोन आवाज एकत्र असतात: कातड्याचा, साधारण २०० हर्ट्झच्या आसपासचा ठाशीव नाद, आणि खालच्या तारांची खरखर. पिच उतरवला की दोन्ही एकदम उतरतात. नाद भरीव होतो हे खरे, पण तारांची खरखर जाडीभरडी होते आणि पुठ्ठ्याच्या खोक्यावर थाप मारल्यासारखे वाटू लागते. अधिक खोल आवाज हवा असेल तर मुळातच खोल असलेला दुसरा वेव्ह निवडणे बरे.

आस आखूड करण्याआधी ती कुठून येते आहे ते तपासा. त्या पट्टीचा रिव्हर्बचा हिस्सा शून्यावर आणा आणि एक ठोका वाजवा. आस नाहीशी झाली तर ती वेव्हमध्ये नव्हतीच, रिव्हर्बची होती, आणि मग डिके कितीही कमी केला तरी उपयोग होणार नाही, कारण रिव्हर्बचे शेपूट ठोका संपल्यानंतरही आपल्या गतीने चालूच राहते. रूम किटमध्ये तर हे विशेष पाहावे. त्याचा भरीवपणा किती वेव्हचा आणि किती खोलीच्या घुमाऱ्याचा, हे कळल्याशिवाय तो स्टँडर्ड किटमध्ये आणून बसवला तर तुम्हाला आवडलेला स्नेअर तिथे आलाच नाही असे वाटेल.

शब्द झाकले जातात याबद्दल एक सूचना. व्यंजनांची स्पष्टता बरीचशी २ ते ५ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात असते, आणि तारांची खरखर तिथेच येऊन आदळते. म्हणून पातळी कमी करण्याआधी फक्त स्नेअरच्या पट्टीचा कटऑफ थोडा खाली आणून पाहा. पातळी कमी केली की ठेका दुबळा होतो. कटऑफ उतरवला तर ठोका तितकाच भक्कम राहतो आणि फक्त त्याची धार कमी होते.

व्हेलॉसिटीकडेही, म्हणजे ठोक्याच्या जोराकडेही, लक्ष द्या. ही १ ते १२७ या मापात असते, आणि चांगल्या किटमध्ये हलक्या व जोरदार ठोक्यांसाठी वेगवेगळे वेव्ह एकावर एक रचलेले असतात. जोरकस स्टाइलमध्ये स्नेअरचे ठोके बहुतेक वरच्या मापात लिहिलेले असतात, त्यामुळे तुम्हाला सतत सर्वांत कडक थरच ऐकू येतो. ते ठोके स्टाइलच्या संपादनात पंधरा-वीस अंकांनी खाली आणले तर कदाचित वेव्ह बदलण्याची गरजही उरणार नाही, कारण मऊ थर त्याच किटमध्ये आधीपासून असतो.

एक अनुभव सांगतो. सुरुवातीच्या काळात मी हेडफोन लावून, बाकी सर्व पार्ट बंद करून एक स्नेअर घडवला होता. एकटा ऐकताना तो फार देखणा वाटत होता. दुसऱ्या दिवशी तालमीत बेस, पियानो आणि दोन आवाज सुरू झाले, आणि तो स्नेअर जवळजवळ ऐकूच येईना. मी त्याची धार इतकी घासून टाकली होती की बाकीच्या वाद्यांतून वर यायला त्याच्याकडे काही शिल्लकच नव्हते. तेव्हापासून मी स्टाइल पूर्ण चालू ठेवूनच बदल करतो, आणि सोलो (एकच पार्ट एकटा ऐकण्याची सोय) फक्त दोष शोधण्यापुरता वापरतो. किकच्या बाबतीत तर कीबोर्डच्या स्वतःच्या स्पीकरवर विसंबूच नये. ते लहान असतात, ५०-६० हर्ट्झचा खर्ज त्यांतून नीट येत नाही, आणि आपण तो वाढवत नेतो. मग मोठ्या स्पीकरवर तोच खर्ज बेसला गिळून टाकतो.


तिसरे उत्तर

ज्यांच्या वाद्यात ड्रम एडिटचे पानच नाही त्यांच्यासाठी एक वाट लिहून ठेवतो. प्रश्नकर्त्यांनाही रेकॉर्ड केलेल्या गाण्यांत ती उपयोगी पडेल. वाद्य रोलँडचे जीएस किंवा यामाहाचे एक्सजी मानक पाळत असेल, तर एनआरपीएन या मिडी संदेशांनी एकेका पट्टीचे गुणधर्म बदलता येतात. तीन कंट्रोलर (क्रमांक आणि किंमत असलेले मिडी संदेश) पाठवायचे असतात. ९९ ने कोणता गुणधर्म ते सांगायचे, ९८ ने कोणती पट्टी ते सांगायचे, आणि ६ ने किंमत द्यायची.

तुमचेच उदाहरण घेऊ. स्नेअर दोन सेमीटोन खाली हवा आहे, तर १० क्रमांकाच्या चॅनेलवर कंट्रोलर ९९ ची किंमत २४, मग ९८ ची किंमत ३८, आणि मग ६ ची किंमत ६२ पाठवावी. इथे ६४ म्हणजे मूळ जागा, त्यामुळे ६२ म्हणजे दोन पायऱ्या खाली. पातळीसाठी ९९ वर २६, पॅनसाठी २८ आणि रिव्हर्बच्या हिश्श्यासाठी २९ ही किंमत दोन्ही मानकांत सारखीच आहे. डिके मात्र एक्सजीमध्येच मिळतो, त्याची किंमत २३. तिथेच २० वर कटऑफ आहे. जीएसमध्ये हे दोन्ही या मार्गाने मिळत नाहीत. काम झाल्यावर ९९ आणि ९८ दोन्ही १२७ वर नेऊन ठेवावेत, म्हणजे पुढे चुकून आलेला ६ क्रमांकाचा संदेश स्नेअरला हलवणार नाही.

क्रमाची काळजी इथेही घ्यावी लागते. किट निवडणारा प्रोग्राम चेंज आधी, एनआरपीएन नंतर. उलट केले तर किट लोड होताना सर्व बदल पुसले जातात, आणि संदेश बरोबर असूनही परिणाम का दिसत नाही याचा शोध घेण्यात माणूस हैराण होतो. हे सर्व संदेश गाण्याच्या पहिल्या ठोक्याच्या आधी, रिकाम्या मात्रेत, थोड्या थोड्या अंतराने लिहावेत. आणि वाद्याच्या पुस्तिकेच्या शेवटी जो मिडीचा तक्ता असतो त्यात एनआरपीएन स्वीकारले जातात की नाही हे आधी पाहून घ्यावे.


प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद

तिघांचेही मनापासून आभार. यूजर किट तयार केले, ३८ आणि ४० दोन्ही पट्ट्यांना रूम किटचा स्नेअर लावला आणि स्टाइलही नव्या नावाने जतन केली. वीज बंद करून पुन्हा सुरू केले तरी सर्व जागच्या जागी आहे. रिव्हर्ब शून्यावर आणण्याची चाचणी केली तेव्हा कळले की मला नको असलेली आस जवळजवळ सगळी रिव्हर्बचीच होती. डिकेला फारसा हात लावावाच लागला नाही.

उत्साहाच्या भरात मी जाझ किटमधली उघडी हाय-हॅटही ४६ वर आणली, कारण तिचा झंकार अधिक नाजूक आहे. आता मात्र पुढची बंद हाय-हॅट वाजली तरी उघडीचा झंकार मागे तसाच लोंबत राहतो. आधी तो बरोबर तुटत असे. शिवाय, किक गाण्याच्या षड्जाला जुळवून घ्यावी असे कुठेतरी वाचले होते. ते करावे का?


पहिल्या उत्तरदात्याचे उत्तर

खऱ्या हाय-हॅटमध्ये झांजांची जोडी एकच असते, म्हणून ती मिटली की उघडा झंकार आपोआप थांबतो. किटमध्ये मात्र ४२, ४४ आणि ४६ या तीन स्वतंत्र पट्ट्या आहेत, आणि त्यांनी एकमेकींना थांबवावे यासाठी त्यांना एकाच गटात घालावे लागते. एडिटच्या पानावर आल्टरनेट ग्रुप किंवा म्यूट ग्रुप असे नाव शोधा. ४२ आणि ४४ ला जो क्रमांक आहे तोच ४६ ला द्या. वेव्ह दुसरीकडून आणताना तुमच्या वाद्याने बहुधा गटाचा क्रमांकही बदलला, किंवा तो बंद केला. त्याच पानावर नोट-ऑफ स्वीकारण्याची सोय असेल तर तिथेही एक नजर टाका. क्रॅश आणि राइडसाठी ती बंद असावी, म्हणजे पट्टी सोडल्यावरही झांज आपल्या आपण विरत जाते. ती चालू राहिली तर प्रत्येक क्रॅश बोटाबरोबरच तुटेल.

किक षड्जाला जुळवण्याबद्दल माझे मत प्रतिकूल आहे, निदान थेट साथ करणाऱ्यांसाठी तरी. गायकाने ऐन वेळी पट्टी बदलली आणि तुम्ही ट्रान्सपोजचे बटण दाबले की बाकीची सर्व वाद्ये सरकतील, पण ड्रम सरकणार नाहीत, आणि काल जुळलेली किक आज बेसशी भांडू लागेल. किकचा डिके इतका आखूड ठेवा की तिचा स्वर कानाला ओळखूच येऊ नये. मग ती कोणत्याही पट्टीत खपते. एखादे गाणे कायमस्वरूपी रेकॉर्ड करताना, लांब घुमणारी किक मुद्दाम वापरायची असेल, तर मात्र जरूर जुळवावी. १९८० साली आलेल्या टीआर-८०८ या ताल-यंत्राच्या धाटणीची किक डिके लांबवला की जवळजवळ बेसचा स्वरच होते, आणि न जुळलेली असेल तर ती कणसूर लागलेली लगेच कळते.


प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद

गटाचा क्रमांक ४६ वर खरोखरच शून्य झालेला होता. तो ४२ सारखा केला आणि झंकार पुन्हा वेळेवर मिटू लागला.

आजच्या तालमीतली अंतिम मांडणी इतरांच्या उपयोगासाठी देतो. स्नेअर दोन सेमीटोन खाली, रिव्हर्बचा हिस्सा मूळच्या निम्मा, कटऑफ चार पायऱ्या खाली. किक स्टँडर्ड किटमधलीच, फक्त डिके किंचित आखूड. स्टाइलमधल्या स्नेअरच्या व्हेलॉसिटी अठरा अंकांनी उतरवल्या, आणि दुसऱ्या उत्तरात म्हटल्याप्रमाणे मऊ थर त्याच वेव्हमध्ये निघाला, त्यामुळे कटऑफ आधी आठ पायऱ्या उतरवला होता तो चारवर परत आणता आला. दुसऱ्या कडव्यात शब्दाचा शेवट आणि स्नेअरचा ठोका एकाच मात्रेवर येतात. तिथे आज पहिल्यांदा ते शेवटचे अक्षर पूर्ण ऐकू आले.